राजीनामा कुणाच्या नावे लिहू?

प्रति,
मा. कामगार आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय : पौड येथे आठवड्यातून एक संध्याकाळ कामगारांच्या तक्रारी घेण्यासाठी अधिकारी बसवण्याबाबत.

महोदय,


मुळशी तालुक्यातल्या पौडला तहसील कचेरीच्या वाटेवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डावरची नावं कमी-जास्त करणं, असं काम चालतं. संध्याकाळी पिरंगुट, कासार आंबोली, उरवडे, घोटवडे या पट्ट्यातल्या कंपन्यांची जनरल पाळी सुटली की गिऱ्हाईक बदलतं. मग येतात ते फंडवाले. आमच्याकडे पीएफ कुणी म्हणत नाही, फंडच म्हणतात.

गेल्या श्रावणात अशीच एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. अंगावरचा निळा अॅप्रन तिने अजून उतरवला नव्हता. म्हणाली, "दादा, राजीनामा टाइप करून द्या."

मी कोरं पान उघडलं, 'प्रति' टाइप केलं आणि विचारलं, "मावशी, कुणाच्या नावे लिहू?"

ती गप्प झाली. मग तिने पिशवीतून दुसरी पिशवी काढली, प्लॅस्टिकची, तोंडाला रबर गुंडाळलेली. तिच्यात साडेचार वर्षांच्या पगाराच्या स्लिपा होत्या, वर्षावार घड्या घालून ठेवलेल्या. मी त्या काउंटरवर पसरल्या. पहिल्या घडीवर कुठल्याशा एंटरप्रायझेसचं नाव. दुसरीवर एका मॅनपॉवर सर्व्हिसेसचं. तिसरीवर आणखी तिसरंच, त्याचा पत्ता हडपसरचा. ज्या कंपनीत ती रोज उभ्याने पॅकिंग करते, त्या कंपनीचं नाव एकाही स्लिपेवर नव्हतं. ते फक्त गळ्यातल्या गेटपासवर होतं, घामाने पुसट झालेलं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'कंत्राटी'.

"हे तिघं कोण?"

"मला काय ठावं? मी पहिल्यापासून एकाच टेबलावर हाय. सुपरवायझर बी तोच. मधीच सांगत्यात, आता नाव बदललंय, हितं सही कर."

तिला काम सोडायचंच होतं. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. बाथरूमला जाताना वहीत वेळ लिहावी लागायची, आल्यावर पुन्हा लिहावी लागायची, आणि पाच मिनिटांवर गेलं की चारचौघांत विचारणा व्हायची. त्या वहीबद्दल सांगताना तिचा आवाज जितका कापला, तितका पगाराबद्दल सांगताना कापला नाही. मुलगी बाळंतपणाला यायची होती, त्याआधी साचलेला फंड काढायचा होता. सुपरवायझरने सांगितलं होतं, राजीनामा लेखी दे, मग बघू.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ त्या एका शब्दापाशी अडलो होतो. आयुक्त महोदय, हे पत्र 'प्रति'पुढच्या त्या मोकळ्या जागेबद्दल आहे.

मी स्वतः या पट्ट्यातल्या एका कारखान्यात सात वर्षं कंत्राटी होतो. त्या सात वर्षांत कागदावर माझे चार मालक झाले, आणि त्यांतल्या एकाचंही तोंड मी पाहिलं नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा फंड काढायला गेलो. कळलं की दुसऱ्या ठेकेदाराने माझं जन्मवर्ष चुकवून ठेवलंय आणि तिसऱ्याने मी काम सोडल्याची तारीखच टाकलेली नाही. दुरुस्तीला त्यांच्या सह्या हव्या होत्या. एकाचा फोन बंद, दुसऱ्याचं ऑफिस म्हणून जो पत्ता होता तिथे मोबाइलचं दुकान. अकरा महिने गेले. आईचं ऑपरेशन मी व्याजाने पैसे काढून केलं. त्या अकरा महिन्यांत फंडाच्या वेबसाइटचं पान न् पान मला पाठ झालं, आणि तेव्हापासून लोक मला विचारायला येऊ लागले. दुकान त्यातूनच निघालं.

आता काम सोडल्याची तारीख शेवटची वर्गणी भरल्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला स्वतःला टाकता येते. फार मोठी सोय झाली ही, आणि ज्याने केली त्याचे आभार. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती माहीतच नसते. ते ठेकेदाराच्या मागे फिरत राहतात.

ठेकेदारांना शिव्या देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही, कारण त्यांतले कित्येक आमच्याच गावांतले आहेत. मुळशीकरांची जमीन पहिल्यांदा गेली ती टाटांच्या धरणाखाली. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, तरी धरण झालंच. पुढे प्लॉटिंगला गेली, हिंजवडी-माणच्या आयटी पार्कला गेली, कारखान्यांच्या शेडला गेली. जमीन देताना प्रत्येक घराची एकच आशा होती, पोराला कंपनीत चिकटवतील. प्रत्यक्षात ज्यांचं वजन होतं त्यांना लेबरचा ठेका मिळाला आणि बाकीच्यांना त्यांच्या हाताखाली हजेरी. 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला २०१८ साली, आणि आमच्या तालुक्याचं नाव जमीन आणि गोळीबार यांच्याशी कायमचं जोडलं गेलं. त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या शेडमध्ये बाथरूमची वेळ वहीत लिहिणारी बाई मात्र अजून कुणी दाखवलेली नाही.

उद्योगांमध्ये ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना, असं शासनाचं धोरण आहे. गेटवर मात्र लोकल म्हटलं की माणसाच्या कपाळाला आठी पडते. लोकल पोरगा दुपारी जेवायला घरी जाईल, गावजत्रेला सुट्टी मागेल, अन्याय झाला तर चार माणसं घेऊन येईल. त्यापेक्षा लातूर-नांदेडचा बरा, झारखंड-ओडिशाचा त्याहून बरा. एका खोलीत सहा जण राहतात आणि ज्याची भाषाच येत नाही त्या गावात भांडणार कुणाशी? ही पोरंही माझ्याकडे येतात. मोबाइल पुढे करतात. त्यावर मेसेज असतो : अर्जंट भरती, दहावी, बारावी, आयटीआय, राहणं फ्री, पगार अठरा ते बावीस हजार. इथे पोचल्यावर नोंदणीचे पैसे वेगळे, बूट-ड्रेसचे वेगळे. पहिला पगार हातात पडतो तेव्हा कळतं की मेसेजमधला आकडा आठ तासांचा नव्हता, बारा तासांचा होता, रविवार धरून. कायद्याने जादा तासांचा पगार दुप्पट दराने द्यायला हवा. ते दुप्पट असं आधीच पगारात मुरवून टाकलेलं असतं.

आणि मग ब्रेक. आमच्या पट्ट्यात हा शब्द शाळकरी पोरालाही कळतो. वर्षात २४० दिवस भरले की कामगार कायम होण्याचा हक्क सांगू शकतो, म्हणून ते भरायच्या आत त्याला घरी बसवायचं. महिना-दीड महिन्याने तोच माणूस, तेच मशीन, नवा ठेकेदार. ठेकेदाराकडे ५० माणसं असली तरच त्याला परवाना लागतो, त्यामुळे एका शेडमध्ये तीन-तीन ठेकेदार सापडतात आणि कुणाकडेच ५० नसतात. यातलं बेकायदेशीर किती आणि कायद्याच्या कडेकडेने चाललेलं किती, हे मी ठरवू शकत नाही. ते ठरवणारा माणूस पौडला हवा, एवढंच माझं मागणं आहे.

बायोडाटा टाइप करतानाही मी असाच अडतो. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं भराभर होतं. 'अनुभव' आला की समोरचा पोरगा माझ्याकडे बघतो. पाच वर्षं त्याने प्रेस मशीन चालवलंय, डाय बदलता येतो, नव्या पोरांना त्यानेच शिकवलंय. कागद काय? गेटपास, तोही निघताना वॉचमनने काढून घेतलेला. मी लिहितो 'पाच वर्षे', आणि पुढच्या कंपनीत त्याला हेल्पर म्हणून घेतात, कारण दाखला नाही. या माणसाची पाच वर्षं कुणी खाल्ली, याचं उत्तर मला त्याला देता येत नाही.

हे सगळं फक्त पत्र्याच्या शेडमध्ये घडतं असं नाही. आमच्याच तालुक्यातल्या हिंजवडीत काचेच्या इमारतींमधली पोरंही माझ्याकडे प्रिंट काढायला येतात. त्यांचा पगार मोठा, शब्द इंग्रजी, पण भीती तीच. मीटिंगला बोलावतात आणि सांगतात, स्वतःहून राजीनामा दे, नाहीतर रिलीव्हिंग लेटरवर असा शेरा मारू की दुसरीकडे कुणी उभं करणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने आपली दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या भागातल्या कित्येक घरांत रात्री जेवण गेलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात एका नामांकित ऑडिट कंपनीत नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची मुलगी गेली. तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं आणि ते देशभर वाचलं गेलं. त्यानंतर तुमच्या खात्याचे लोक तपासणीला गेले, तेव्हा ते ऑफिस २००७ पासून दुकाने-आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीशिवाय चालल्याचं उघड झालं. सतरा वर्षं. त्या सतरा वर्षांत तिथे काम केलेल्या एखाद्याला तक्रार करावीशी वाटली असेल, तर ती त्याने कुठल्या दारात नेली असती?

हाच प्रश्न मला १९ मार्च २०२५ पासून झोपू देत नाही. त्या सकाळी हिंजवडीत कंपनीची माणसं कामावर नेणारी टेम्पो ट्रॅव्हलर पेटली. मागचं दार उघडलं नाही आणि मागे बसलेले चौघे जळून गेले. सुरुवातीला सगळे शॉर्टसर्किट म्हणत होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सांगितलं की चालकानेच रसायन ठेवून गाडी पेटवली. बोनस दिला नाही, पगार कापला, ड्रायव्हर असताना मजुरीची कामं लावली, हा राग त्याच्या मनात होता असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्यावर राग होता ते मेलेल्यांत नव्हते, हेही पोलिसांनीच सांगितलं. दोष ठरवणं न्यायालयाचं काम आहे. आणि राग कितीही खरा असला तरी चार घरांचे कर्ते पुरुष जाळण्याला माफी नाही, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या बातमीनंतर आठवडाभर दुकानात येणारा प्रत्येक कामगार दबक्या आवाजात एकच बोलायचा : एवढं साचेपर्यंत त्याला कुणी विचारलं कसं नाही? बोनस नाकारला, पगार कापला, यांची तक्रार लिहिता येते. त्यासाठी कायदा आहे, अधिकारी आहे, नमुना अर्जही आहे. पण तिथवर जायची वाटच कुणाला दिसत नाही.

आणि उरवडे. ७ जून २०२१. पाणी शुद्ध करायचं रसायन बनवणाऱ्या कारखान्यात दुपारी आग लागली. १७ जण गेले, त्यांत १५ बाया. भिंती जेसीबीने फोडून मृतदेह बाहेर काढावे लागले. ओळख पटेना म्हणून ससूनला नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेतले, डीएनए जुळवले आणि मग एकेक देह ताब्यात दिला. राज्य सरकारने पाच लाख आणि केंद्राने दोन लाख जाहीर केले. चौकशी समिती बसली, अटका झाल्या. त्या बाया याच रस्त्याने कामाला जायच्या, डबा पिशवीत, ओढणी तोंडाला बांधून. त्यांच्यातल्या एखादीला आधी कधी वाटलं असेल, हा माल इथे असा रचून ठेवणं बरं नाही, किंवा वासाने डोकं धरतंय. तिने ते सुपरवायझरला सांगितलं असेल, तर तो म्हणाला असेल, जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको. मग पुढे कुणाला सांगायचं? उरवड्याहून तुमच्या शिवाजीनगरच्या कार्यालयात जायचं तर पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक करत सकाळ जाते. एक दिवसाची हजेरी जाते. तिथे गेल्यावर कळतं की सुरक्षिततेचं खातं वेगळं, फंडाचं वेगळं, विम्याचं वेगळं. हे सगळे विभाग स्वतंत्र आहेत आणि फंड तर केंद्राकडे आहे, हे मला समजतं. पण रोजावर जगणाऱ्या बाईने ते का समजून घ्यावं?

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांत आले. त्यांतल्या काही गोष्टींची मला धास्ती वाटते आणि कामगार संघटनांनी त्यावर घेतलेले आक्षेप मला पटतात. पण दोन गोष्टी मी कागदावर मोठ्या अक्षरांत टाइप करून दुकानाच्या काचेला चिकटवल्या आहेत. एक, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच हवं, आणि ज्यांना आधी दिलं नव्हतं त्यांना तीन महिन्यांच्या आत. दुसरी, माणसाने काम सोडलं किंवा त्याला काढलं तर त्याच्या पगाराचा हिशेब दोन कामकाजी दिवसांत मिटवायचा. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने तो द्यायचा, हे तर जुन्या कायद्यातही होतं.

लोक ते वाचतात. एका पोराने काचेचा फोटो काढून सुपरवायझरला दाखवला. सुपरवायझर म्हणाला, हे पुण्यात चालतं. तो पोरगा मला येऊन विचारत होता, "काका, पौड पुण्यात नाही का येत?"

आयुक्त महोदय, माझं मागणं मोठं नाही. पौडला तहसील आहे, पंचायत समिती आहे, पोलीस ठाणं, न्यायालय, ग्रामीण रुग्णालय आहे. एवढ्या कारखान्यांच्या तालुक्यात कामगाराने तक्रार घेऊन उभं राहावं अशी एक खिडकी तेवढी नाही. आठवड्यातून एका संध्याकाळी, पाच ते आठ, तुमचा एक अधिकारी इथे बसवा. वेळ संध्याकाळचीच हवी. दिवसा उघडणारी खिडकी कामगाराच्या उपयोगाची नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाने तालुक्यातालुक्यांत सुविधा केंद्रं उघडलीच आहेत, म्हणजे तालुक्यापर्यंत येणं शक्य आहे. फंडाचे अधिकारी दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' म्हणून जिल्ह्यात शिबिर घेतात. वर्षातून दोनदा ते पौडला घ्यावं म्हणून आपण त्यांना एक पत्र पाठवलंत तरी पुष्कळ होईल. औद्योगिक सुरक्षेच्या संचालनालयाचा माणूस महिन्यातून एकदा सोबत बसला, तर वासाने डोकं धरतं असं सांगणारी बाई त्याला भेटू शकेल.

त्या अधिकाऱ्याने तिथल्या तिथे न्याय द्यावा अशीही अपेक्षा नाही. त्याने तक्रार घ्यावी, आवक नंबर टाकावा आणि शिक्का मारून पोच द्यावी. कामगाराचं नाव कंपनीला लगेच कळणार नाही एवढी काळजी घ्यावी, कारण तक्रार केल्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रेक मिळतो हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. गेटवर कुणी कागद घेत नाही, ठेकेदार घेत नाही, सुपरवायझर घेतो पण सही करत नाही. आमच्या लोकांकडे वर्षानुवर्षांच्या कष्टांची एकही पोच नाही. टेबल-खुर्ची, संगणक, प्रिंटर मी देईन. जागा तहसीलदारांनी नाही दिली तर माझ्या दुकानाचा पुढचा भाग रिकामा करून देईन, भाडं नको.

राजीनाम्याचं पुढे काय झालं तेही कळवतो. शेवटी मी तो मूळ कंपनीच्या व्यवस्थापकांच्या नावे लिहिला आणि खाली तिन्ही ठेकेदारांची नावं टाकली. मावशी तो घेऊन गेटवर गेली. वॉचमनने घेतला नाही. मग आम्ही तो स्पीड पोस्टाने पाठवला. नवव्या दिवशी पाकीट परत आलं, वर शेरा होता : घेण्यास नकार. मावशीने ते पाकीट फोडलं नाही. स्लिपांच्या पिशवीत तसंच ठेवलंय. फंडाची तारीख मी तिला दोन महिन्यांनी टाकून दिली, फंड निघाला, नातू झाला. शेवटच्या महिन्याचा पगार आणि दिवाळीचा बोनस अजून मिळालेला नाही, आणि मूळ कंपनी कागदच घेत नसेल तर ते कुणाकडे मागायचं हे मला अजून सांगता आलेलं नाही.

हे पत्र मी स्वतः शिवाजीनगरला आपल्या पुणे कार्यालयाच्या आवक विभागात आणून देणार आहे. सोबत एक प्रत जास्तीची आहे. तिच्यावर शिक्का मारून पोच द्यावी, ही विनंती.

आपला,
फंडाचे फॉर्म भरणारा एक दुकानदार
पौड, ता. मुळशी, जि. पुणे